भूल, भिनणे आणि उतारा : एका उपचाराच्या भाषेची चिकित्सा

१

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्या गावाच्या नावातील दुसरे पदही विचार करावयास लावते. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’चे मराठी तोंडात झिजून तयार झालेले रूप होय, हवेली तालुक्यात ‘खुर्द’ वढूही आहे. ज्या शिवछत्रपतींनी कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रघुनाथपंडितांकडून करवून घेतला, त्यांच्याच पुत्राचे समाधिस्थळ एक फारसी पद नावात वागवीत आहे, आणि त्यात कोणालाही काही परके वाटत नाही. यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. शब्दाची योग्यता त्याच्या कुळावर ठरत नाही. तो ज्याच्या तोंडी जातो त्याला वस्तूची नेमकी ओळख पटवितो की नाही, यावर ती ठरते.

प्रस्तुत लेखात ही कसोटी वैद्यकातील एका लहान, परंतु जिवाशी गाठ असलेल्या क्षेत्राला लावून पाहावयाची आहे. दात काढताना, जखम शिवताना, विंचवाच्या दंशाची वेदना शमविताना किंवा शस्त्रक्रियेपूर्वी हातापायाचे मज्जातंतू बधिर करताना लिग्नोकेन, बुपिव्हाकेन यांसारखी औषधे टोचतात. ती त्या जागेपुरती राहिली तर वरदान ठरतात. रक्तात अधिक प्रमाणात गेली तर मेंदू आणि हृदय यांना विषासमान होतात. या विषबाधेवर शिरेतून द्यावयाचे स्निग्ध पायस हा उपाय गेल्या दोन दशकांत रूढ झाला आहे, आणि त्या उपायाचेही स्वतःचे उपद्रव आहेत. कोणते औषध केव्हा द्यावे हा निर्णय वैद्यांचा. तेथे भाषाशास्त्राला अधिकार नाही. परंतु या आपत्तीची पहिली सूचना पुष्कळदा यंत्राआधी रुग्णच देतो, आणि वढूसारख्या गावाचा रुग्ण ती मराठीत देतो. ती ऐकणाऱ्याचे शिक्षण इंग्रजीत झालेले असते. या दोहोंच्या मध्ये जे शब्द उभे आहेत, त्यांची चिकित्सा करणे हे मात्र आमचे काम आहे.

२

प्रथम ‘भूल’ हा शब्द घेऊ. मराठीत या विद्येला भूल, बधिरीकरण, संवेदनाहरण आणि शुद्धिहरण अशी चार नावे चालतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ‘बधिरीकरणशास्त्र’ विभाग असतो, वृत्तपत्रात ‘भूलतज्ज्ञ’ असतो, आणि रुग्ण ज्या कागदावर सही किंवा अंगठा करतो त्यावर बहुधा ‘भूल’च असते. शब्द जुना आणि सर्वांच्या ओळखीचा आहे. रानात भूल पडते, रूपाची भूल पडते, लबाड मनुष्य भूलथापा देतो, आणि हिशेबात भूलचूक होते. या सर्व अर्थांना जोडणारा धागा एकच : भान सुटणे, वाट चुकणे. ईथर आणि क्लोरोफॉर्म यांनी येणाऱ्या बेशुद्धीला हा शब्द चपखल बसतो.

परंतु १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखविले, आणि भान न घालविता वेदना थांबविणे शक्य झाले. पुढे १९०५ मध्ये प्रोकेन प्रचारात आले, १९४३ मध्ये लिग्नोकेन सिद्ध झाले, १९५७ मध्ये बुपिव्हाकेन आले. वस्तू दोन झाल्या. मराठीत शब्द एकच राहिला. ‘पूर्ण भूल’ आणि ‘जागेवरची भूल’ असा विशेषणांचा आधार आपण घेतला, पण नामाचा मूळ अर्थ विशेषणाने पुसला जात नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. ‘थोडी भूल देतो’ असे ज्याला सांगितले आहे, त्याला गरगरू लागले, गुंगी आली, बोलताना जीभ अडखळू लागली, तर तो काय समजेल? भूल लागली, एवढेच. जे लक्षण त्याने तत्काळ ओरडून सांगावयास हवे, ते त्याच्या दृष्टीने कबूल केलेल्या मालाची पोच ठरते, आणि तो शहाण्या रुग्णाप्रमाणे गप्प पडून राहतो. जागेपुरत्या बधिरतेत रुग्णाचे भान शाबूत राहिले पाहिजे. ते ढळू लागणे हीच धोक्याची खूण. येथे शब्द वस्तूच्या बरोबर उलट सांगतो.

३

‘स्थानिक’ हे विशेषण अधिक फसवे आहे. ते औषधाच्या कार्याचे वर्णन करीत नाही, त्याच्याविषयीची अपेक्षा सांगते. टोचलेले औषध तेथेच थांबेल अशी ही अपेक्षा आहे. वस्तुतः कोणतेही औषध टोचलेल्या जागी कायमचे थांबत नाही. ते हळूहळू रक्तात जातच असते. प्रश्न असतो तो वेगाचा आणि प्रमाणाचा. सुईचे टोक रक्तवाहिनीत गेले तर क्षणार्धात, आणि मात्रा अधिक झाली तर काही मिनिटांनी, क्वचित अर्ध्या तासानंतरही, औषध मेंदूपर्यंत आणि हृदयापर्यंत पोहोचते.

या घटनेसाठी परिभाषाकार ‘सार्वदेहिक विषाक्तता’ असे काही तरी सुचवितील. तो शब्द कोशात शोभेल. पण मराठीत या घटनेचे नेमके क्रियापद आधीच आहे, आणि ते म्हणजे ‘भिनणे’. विष भिनते, नशा भिनते, थंडी हाडात भिनते. एका जागी शिरलेली वस्तू हळूहळू, बाहेरून न दिसता, सर्वांगात पसरणे हा त्याचा अर्थ. ‘हे औषध जागेवर राहिले तर जागा बधिर होते, अंगात भिनले तर त्रास होतो’ हे वाक्य वढूच्या कोणाही म्हातारीला समजेल, आणि ते शास्त्रदृष्ट्याही अचूक आहे. असे दोन्ही बाजूंनी खरे असलेले शब्द भाषेत फार नसतात.

मात्रेच्या भाषेतही असाच एक आडपडदा आहे, आणि तो मराठीपुरता मर्यादित नाही. औषधाच्या कुपीवर ‘दोन टक्के’ असे छापलेले असते. व्यवहारात दोन टक्के म्हणजे क्षुल्लक. परंतु दोन टक्के लिग्नोकेन म्हणजे दर मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. अॅड्रेनॅलिन न मिसळता वापरावयाच्या लिग्नोकेनची सर्वसाधारण कमाल मर्यादा दर किलो वजनाला ४.५ मिलिग्रॅम मानतात. ५० किलोच्या माणसाला ती २२५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ११ मिलिलिटर होते. ३० मिलिलिटरच्या कुपीत ६०० मिलिग्रॅम औषध असते. कुपी लहान, टक्केवारी लहान, आणि आतील मात्रा मर्यादेच्या अडीच पटींहून अधिक! कृश, वृद्ध, गर्भवती, तसेच हृदय वा यकृत यांचे विकार असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत ही मर्यादासुद्धा सैल ठरू शकते. टक्क्यांचे मिलिग्रॅममध्ये केलेले भाषांतर हे येथे खरे जीवरक्षक भाषांतर आहे.

४

आता लक्षणांकडे वळू. ग्रंथांत सांगितलेली आरंभीची लक्षणे अशी : तोंडात धातूची चव, ओठ व जीभ यांना बधिरपणा, कानात आवाज, गरगरणे, अस्वस्थता, बोलणे अस्पष्ट होणे, स्नायूंचे फडफडणे, त्यानंतर झटके, बेशुद्धी, नाडीची गती बिघडणे आणि अखेर हृदय थांबणे. क्रम नेहमी असाच असतो असे नाही. काहींना पूर्वसूचना न मिळता एकदम झटकाच येतो. म्हणून जेथे सूचना मिळते तेथे ती ओळखणे अधिकच अगत्याचे.

‘धातूची चव’ ही पाठ्यपुस्तकाची भाषा झाली. मराठी बोलणारा मनुष्य असे बोलत नाही. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिले की ते ‘कळकते’. त्या चवीला आपल्याकडे स्वतंत्र क्रियापद आहे. ‘तोंड कळकल्यासारखं झालं’ असे एखादी वृद्धा म्हणाली, तर तिने पाठ्यपुस्तकातील लक्षण पाठ्यपुस्तकापेक्षा नेमकेपणाने सांगितले असे समजावे. परंतु ज्याने पितळी भांड्यातील ताक कधी चाखले नाही, त्या तरुण डॉक्टराला हे वाक्य तोंडाच्या सामान्य कुरकुरीसारखे वाटण्याचा संभव आहे. कानात आवाज येण्याला कोणी ‘कान वाजतात’ म्हणेल, कोणी ‘कानात दडे बसले’ म्हणेल. विशेष हे, की ‘बधिर’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ बहिरा असाच आहे.

याहून घातक आहेत ते आपले रूढ वाक्प्रचार. भीतीने ‘बोबडी वळते’ असे आपण म्हणतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर एखाद्याची जीभ जड झाली की जवळचा माणूस हसून म्हणतो, ‘घाबरू नका.’ रुग्ण ‘घाबरल्यासारखं होतंय’ म्हणतो, तेव्हाही तेच घडते. मराठीत या वाक्याने छातीतील धडधड, जीव कासावीस होणे आणि खरीखुरी भीती या तिन्ही गोष्टी सांगितल्या जातात. ऐकणारा मात्र तिसरीच उचलतो. येथे वाक्प्रचार लक्षणाचा अर्थ आधीच लावून ठेवतो. धीर देणे हा सद्गुण खरा. परंतु औषध टोचल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ‘बोबडी’ आणि ‘घाबरणे’ हे शब्द कानी पडले, तर धीर देण्यापूर्वी हात थांबविणे, टोचणे बंद करणे, प्राणवायू देणे आणि मदत बोलावणे हा क्रम असावा.

५

आता उपायाकडे येऊ. लोकभाषेत विषावरील औषधाला ‘उतारा’ म्हणतात. विष चढते म्हणून ते उतरवावयाचे. विंचू उतरवितात, नजर उतरवितात, ओवाळून टाकलेला भातही उताराच. या कल्पनेत दोन गृहीते आहेत. उतारा विषाला ओढून बाहेर नेतो, हे एक. आणि उतारा स्वतः निरुपद्रवी असतो, हे दुसरे. स्निग्ध पायसाच्या इतिहासाने ही दोन्ही गृहीते तपासून पाहिली आहेत.

सोयाबीनचे तेल अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिडाने पाण्यात एकजीव केलेले हे दुधासारखे द्रव स्वीडनच्या आर्विड व्रेतलिंड यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केले, ते ज्यांना तोंडाने अन्न घेता येत नाही अशांच्या पोषणासाठी. विषबाधेशी त्याचा संबंध नव्हता. १९७९ मध्ये जॉर्ज ऑलब्राइट यांनी बुपिव्हाकेन व एटिडोकेन यांमुळे होणाऱ्या हृदयबंदाकडे वैद्यांचे लक्ष वेधले. असे थांबलेले हृदय पुन्हा सुरू करणे अत्यंत दुष्कर असे. गाय वाइनबर्ग हे अमेरिकन वैद्य या प्रश्नाचा पाठपुरावा करीत असता, मेदाम्लांच्या वापरात हृदयाला येणारा अडथळा हे विषाचे कारण असावे असा तर्क त्यांनी केला. त्या तर्काप्रमाणे स्निग्ध द्रव दिल्यास विषबाधा वाढावयास हवी होती. १९९८ च्या उंदरांवरील प्रयोगात नेमके उलट घडले. २००३ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगात स्निग्ध पायस दिलेले सहाही प्राणी वाचले. ते न दिलेल्या सहांपैकी एकही वाचला नाही. २००६ मध्ये न्यूयॉर्क येथे खांद्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी हृदय थांबलेल्या एका रुग्णावर नेहमीचे प्रयत्न सुमारे वीस मिनिटे निष्फळ झाल्यावर हे पायस दिले गेले, आणि हृदय पुन्हा चालू लागले. २०१० पासून अमेरिकेतील प्रादेशिक बधिरीकरणाच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शनात या उपायाचा समावेश केला.

हे कसे घडते? प्रथम जी उपमा रूढ झाली ती मोरीची : स्निग्ध कण औषधाला शोषून घेतात, आणि मोरीतून पाणी जावे तसे विष जाते. ही उपमा म्हणजे उताऱ्याचेच शास्त्रीय रूप होय. म्हणूनच ती इतकी सहज पटली. पुढील संशोधनाने ती अपुरी ठरविली. आता मोरीऐवजी नदीवरील तरीची कल्पना अधिक मान्य आहे. स्निग्ध कण हृदय आणि मेंदू यांच्या काठावरून औषध उचलून स्नायू व यकृत यांच्या काठाला पोहोचवितात; त्याखेरीज हे द्रव हृदयाच्या आकुंचनाला प्रत्यक्ष बळही देते. उपमा बदलली की आचरण बदलते. मोरीत जितके अधिक ओतावे तितके बरे. तरीचे तसे नाही. नावा गरजेहून अधिक झाल्या तर घाटच अडतो. शिवाय तरीने नेलेला माल पलीकडच्या काठावर असतो, नाहीसा झालेला नसतो. पायस थांबविल्यावर विषबाधेने पुन्हा उचल खाल्ल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत, याचे नवल वाटू नये.

६

या उपायाच्या दुष्परिणामांना मराठी वैद्यकीय लेखनात ‘गुंतागुंत’ म्हणतात. हा शब्द मला असमाधानकारक वाटतो. गुंतागुंत आपोआप होते. तिला कर्ता नसतो. आयुर्वेदाने मूळ व्याधीच्या पाठोपाठ येणाऱ्या विकाराला ‘उपद्रव’ म्हटले. त्यात निदान कशाच्या मागे काय आले हा संबंध तरी दिसतो. म्हणून येथे तोच शब्द वापरतो.

मात्रेपासून आरंभ करू. वीस टक्के पायस दर किलो वजनाला १.५ मिलिलिटर या प्रमाणात दोनतीन मिनिटांत द्यावे, मग दर मिनिटाला दर किलोमागे ०.२५ मिलिलिटर या गतीने चालू ठेवावे, आणि एकूण मात्रा दर किलोला १२ मिलिलिटरच्या पलीकडे जाऊ देऊ नये, असे प्रचलित मार्गदर्शन आहे. ५० किलोच्या माणसाला याचा अर्थ प्रथम ७५ मिलिलिटर, मग मिनिटाला १२.५ मिलिलिटर, आणि कमाल ६०० मिलिलिटर. म्हणजे २५० मिलिलिटरची बाटली पहिल्या मात्रेनंतर चौदा मिनिटांत संपते. आणि धावपळीत कोणी लक्ष न देता धार तशीच सुरू राहिली तर सुमारे बेचाळीस मिनिटांत मर्यादा गाठली जाते. पहिली मात्रा पुन्हा द्यावी लागली असेल तर त्याहूनही लवकर. घड्याळाकडे पाहण्यासाठी एक माणूस वेगळा नेमला पाहिजे, असा याचा व्यावहारिक अर्थ आहे.

उपद्रवांत सर्वांत सामान्य आहे तो रक्ताच्या तपासणीचा. रक्तद्रव दुधाळ होतो आणि प्रकाशावर चालणारी यंत्रे फसतात. हिमोग्लोबिन, सोडियम, साखर, क्रिएटिनीन यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, किंवा येतच नाहीत. म्हणून शक्य असेल तर रक्ताचा नमुना पायस देण्यापूर्वीच घ्यावा. याहून गंभीर ते स्वादुपिंडाचा दाह आणि फुप्फुसांची तीव्र इजा. मात्रा फार झाली तर ताप, कावीळ, यकृत-प्लीहेची वाढ आणि रक्त गोठण्यात बिघाड असा मेदाधिक्याचा विकार होऊ शकतो. कृत्रिम मूत्रपिंडाच्या वा कृत्रिम हृदय-फुप्फुसाच्या यंत्रातील गाळण्या आणि नळ्या स्निग्ध कणांनी तुंबू शकतात. सोयाबीन वा अंडे यांचे वावडे असलेल्यांना तीव्र प्रतिक्रियेची शक्यता असते.

या वावड्याविषयी विचारावयाचा प्रश्नही भाषेत अडकतो. ‘अंडे चालते का?’ असे विचारले, तर माळकरी मनुष्य ‘नाही’ म्हणेल आणि तो खरेच बोलत असेल. कारण ‘चालणे’ हे आपल्याकडे आचाराचे क्रियापद आहे, प्रकृतीचे नव्हे. ‘अंडे खाऊन कधी अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला असे झाले का?’ असा प्रश्न हवा, आणि तो औषध टोचण्यापूर्वी हवा. हृदय थांबल्यावर नव्हे. रंगाने नाव देण्याची सवयही अशीच टाळावी. ‘ते पांढरे औषध आणा’ असे म्हटले, तर प्रोपोफॉल हे निद्रा आणणारे औषधही तितकेच पांढरे आहे. त्यात स्निग्धांश निम्मा आहे, आणि पुरेसे स्निग्ध मिळावे म्हणून ते वाढविले तर ते आधीच दुबळ्या झालेल्या हृदयाला आणखी खाली ओढील. ते या उपायाचा पर्याय नव्हे.

७

येथे एक आक्षेप संभवतो. उपद्रवांची अशी यादी वाचून एखादा डॉक्टर ऐनवेळी हात आखडता घेईल, आणि रुग्ण प्राणास मुकेल. हा आक्षेप योग्य आहे. हृदय थांबत असता पुढील आठवड्यातील स्वादुपिंडाचा विचार करीत बसणे हे विवेकाचे लक्षण नव्हे. त्या प्रसंगी पायस द्यावे असेच मार्गदर्शन सांगते, आणि उपद्रव पुष्कळ अंशी मात्रा व गती यांशी निगडित आहेत. परंतु हाच उपाय जेव्हा अन्य औषधांच्या विषबाधेत, विशेषतः पोटात घेतलेल्या गोळ्यांच्या बाबतीत, ‘देऊन पाहू’ म्हणून वापरला जातो, तेव्हा तोल बदलतो. तेथे लाभाचा पुरावा दुबळा आणि उपद्रव तेवढेच खरे. २०१६ मध्ये विषशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने बहुतेक अन्य विषांबाबत सावध भूमिका घेतली ती यामुळेच.

पुराव्याचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. मरणोन्मुख माणसांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी करणे नीतीला धरून नाही. म्हणून या उपायाचा मानवी पुरावा मुख्यतः एकेका रुग्णाच्या वृत्तांवर उभा आहे. वृत्त हा साहित्यप्रकार आहे, आणि त्याला स्वतःचे संकेत आहेत. प्रयत्न हरले, पायस दिले, हृदय चालू झाले, ही रचना कथेची आहे. ज्या रुग्णाला पायस दिले आणि तो गेला, त्याची कथा होत नाही. ज्याला ते दिले, तो वाचला आणि चौथ्या दिवशी स्वादुपिंडाच्या दाहाने तळमळला, त्याची कथा पहिल्याच अंकात संपविली जाते. समीक्षकाने कादंबरीत जो प्रश्न विचारावयाचा, तोच येथे विचारावा : निवेदक कोठे थांबला, आणि त्याला तेथेच का थांबावेसे वाटले?

८

या विवेचनातून काही सूचना निघतात. संमतीच्या कागदावर बेशुद्धीसाठी ‘भूल’ राखून ठेवावी, आणि जागेपुरत्या उपायासाठी ‘जागा बधिर करणे’ असेच स्पष्ट लिहावे. त्याखाली एक वाक्य असावे : ‘औषध अंगात भिनू लागल्यास तोंड कळकणे, ओठ-जीभ बधिर होणे, कान वाजणे, गरगरणे, जीभ अडखळणे असे होऊ शकते, तसे वाटताच लगेच सांगा.’ हे वाक्य टोचण्यापूर्वी वाचून दाखवावे, कारण नंतर ते वाचण्यास रुग्णाला अवकाश नसतो. प्रशिक्षणात ही लक्षणे त्या त्या भागाच्या बोलीत शिकवावीत. भीमेच्या खोऱ्यातील शब्द कोकणात चालतीलच असे नाही. पायसाच्या बाटलीजवळ मात्रेचे कोष्टक मराठीतही लावावे, आणि त्यात प्रारंभ कोठून करावयाचा याबरोबर थांबावयाचे कोठे हेही लिहावे.

परिभाषा समित्यांनी या कामात संस्कृत धातूंकडे वळण्यापूर्वी गावाकडे कान द्यावा. ‘भिनणे’ आणि ‘कळकणे’ ही क्रियापदे कोणी घडविली नाहीत. ती विष, ताक आणि पितळ यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या संबंधातून घडली. आणि ‘इंजेक्शन’, ‘सलाईन’ हे शब्द ‘बुद्रुक’प्रमाणेच आता आपले झाले आहेत, त्यांना हाकलण्यात शक्ती खर्च करण्याचे कारण नाही. शक्ती खर्चावयाची ती ऐकण्यासाठी. टेबलावर पडलेल्या माणसाचे भान जोवर शाबूत आहे, तोवर त्याच्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा कोणी नाही. त्याची साक्ष समजेल अशा भाषेत घेण्याची व्यवस्था करणे हे वैद्यकाचे आणि भाषाशास्त्राचे समाईक कर्तव्य आहे.